दार नसलेली केबिन

१२ जून

प्रिय ताई,

फोन न करता पत्र पाठवलं म्हणून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर हल्ली मोकळं बोलवतच नाही. ड्यूटीवर शेजारी कोणी ना कोणी असतं, आणि घरी येऊन विषय काढला की आमचे अहो म्हणतात, "पुन्हा हॉस्पिटल?" आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हटलं, तुला लिहावं. बाबांना वाचून दाखवायचं की नाही ते तूच ठरव. मागे ते विचारत होते ना, ठमी दिवसभर नक्की करते काय? त्यांना सांग, ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत अशी माणसं आमच्या डायलिसिस विभागात येतात, खुर्चीत पाय पसरून बसतात, आणि मशीन त्यांचं रक्त धुऊन परत देतं. त्यांना सुया टोचणं, नळ्या सांभाळणं आणि तोपर्यंत त्यांची सुखदुःखं ऐकणं, हे माझं काम. परवा कंडक्टरकाका (बसचे निवृत्त कंडक्टर, आमच्याकडे सर्वांत जुने) नवीन आलेल्या बाईंना सांगत होते, "घाबरू नका, ही ठमीसिस्टर एकदा सुई टोचली की शेवटच्या स्टॉपपर्यंत सोडत नाही."

आता मुद्द्याचं. आमच्याकडे नवे संचालक आलेत. आम्ही त्यांना हसरे साहेब म्हणतो, कारण ते सतत हसतात. याआधी मोठ्या हॉटेलांचा कारभार बघायचे. आल्या आल्या त्यांनी आपल्या केबिनचं दार काढून टाकलं. अगदी बिजागऱ्यांसकट. म्हणाले, माझं दार सर्वांना कायम उघडं. दर शुक्रवारी चहा आणि मनमोकळी बैठक. शिवाय एकेकाला बोलावून वेगळ्या गप्पा. मलाही बोलावलं होतं. खोटं कशाला बोलू, माणूस मला आवडला. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. मुलांची नावं विचारली, मी हसत होते, ते हसत होते.

पण गेल्या शुक्रवारी काय झालं बघ. आमच्या मोठ्या सिस्टर, म्हणजे विभागाच्या इनचार्ज, मागे पँट्रीत म्हणाल्या होत्या, "हॉस्पिटलचं हॉटेल झालंय, फक्त भांडी घासायला माणूस ठेवलेला नाही." साहेबांनी बैठकीत हसत हसत तेच वाक्य म्हटलं. शब्दन् शब्द. म्हणे, आपल्यातल्या काहींना असं वाटतं. सोमवारी मोठ्या सिस्टरांची बदली स्टोअरला. पुष्पगुच्छ देऊन, फोटो काढून. त्यांच्या जागी अजून कोणी नाही. तूर्त साहेबच लक्ष घालणार आहेत.

ते वाक्य बोलल्या तेव्हा पँट्रीत आम्ही तिघंच होतो. त्या, मी आणि टाकीदादा. टाकीदादा म्हणजे आमचे पाण्याचे टेक्निशियन. मशीनला लागणारं पाणी शुद्ध करायच्या टाक्या त्यांच्याकडे असतात. मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. केबिनला दार नाही, त्यामुळे आत कोण बसलंय ते अख्ख्या कॉरिडॉरला दिसतं. मी या आठवड्यात टाकीदादांना दोनदा आत बघितलं.

तुझी,
ठमी

---

१९ जून

प्रिय ठमे,

पत्र मिळालं. बाबांना पहिला अर्धा भाग वाचून दाखवला. पुढचा त्यांनी स्वतःच वाचला, कारण त्यांना ऐकू कमी येत असलं तरी मी पान लपवतेय हे बरोबर दिसतं. म्हणाले, पोरीला सांग, जेवत जा वेळेवर. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या भानगडींचं मूळ उपाशी पोटात आहे.

तुला राग येईल, पण लिहिते. नवा साहेब आला की महिनाभर सगळ्यांनाच पाली चुकचुकल्यासारख्या वाटतात. मी ऑपरेशन थिएटरची इनचार्ज झाले तेव्हा मी म्हणे कोणाच्या तरी वशिल्याने आले होते, आणि म्हणे मी स्टाफची कपाटं उघडून बघते. मी साधी माझीच किल्ली शोधत होते. दार काढणं हा थोडा तमाशा आहे खरा, पण माणसाला एकदम वाईट ठरवू नकोस. आणि टाकीदादांच्या मागे हात धुऊन लागू नकोस. तूच मागे सांगितलं होतंस, तुझी स्कूटर बंद पडली तेव्हा हेच गृहस्थ भर उन्हात तिला ढकलत गॅरेजपर्यंत आले होते.

एक विचारू? त्या अर्ध्या तासात तू साहेबांशी नक्की काय काय बोललीस?

तब्येतीला जप.

ताई

---

३ जुलै

ताई,

तू इनचार्ज आहेस, म्हणून इनचार्जांची बाजू घेतेस. घे. मी काय बोलणार साहेबांशी? हवापाण्याचं. तुझा प्रश्न मला लागला, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

पण आता माझ्याकडे पुरावा आहे. मी टाकीदादांची परीक्षा घेतली. सोमवारी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की मी दुसरीकडे अर्ज केलाय, बहुतेक महिनाअखेर जाईन. सगळं खोटं. घरीसुद्धा बोलले नव्हते. दुसऱ्या कोणाला कळायचं कारणच नव्हतं. बुधवारी साहेबांनी मला बोलावलं. पाणी दिलं, हसले, आणि म्हणाले, "तुम्ही आम्हाला सोडून चाललात असं ऐकलं." मी म्हटलं, छे, कोणी सांगितलं? तर म्हणाले, काळजी करणारी माणसं असतात.

आता बोल.

त्या दिवसापासून मी टाकीदादांशी कामापुरतंच बोलते. इतरांनाही सावध केलंय. ते पँट्रीत आले की आम्ही भाजीच्या भावावर बोलतो. बिचारे चहा घेऊन टाक्यांच्या खोलीत जाऊन पितात. बिचारे कसले म्हणा. गुरुवारी मला त्या खोलीच्या दाराशी थांबवून म्हणाले, "सिस्टर, जरा पाण्याबद्दल बोलायचं होतं." मी म्हटलं, पाण्याबद्दल साहेबांशीच बोला, तुमचं तिकडे चांगलं जमतं. त्यांचं तोंड इतकंसं झालं. मला बरं वाटलं, खोटं सांगत नाही.

बाकी विभागात सगळे जरा मलूल आहेत. पेशंट डोकेदुखीची तक्रार करतात. दोघींना थंडी वाजून आली. कंडक्टरकाकांचं रक्त गेल्या तपासणीपेक्षा बरंच कमी आलंय आणि ते पांढरेफटक दिसतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषधाचा डोस वाढवून बघू. उकाडाही फार आहे. हे सगळं शुक्रवारच्या बैठकीत काढावंसं वाटलं होतं, पण मोठ्या सिस्टरांना स्टोअरमध्ये हातमोज्यांचे खोके लावताना बघितलंय मी. गप्प बसले.

ठमी

---

६ जुलै

ठमे,

काल तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. आज सकाळी तर बंदच लागला. म्हणून हे लगेच कुरिअरने पाठवतेय. तुझ्या घरच्या पत्त्यावर येईल. हातात पडलं की उभ्याउभ्या वाच.

आधी कामाचं. एकाच विभागातल्या इतक्या जणांचं डोकं एकदम दुखतं, थंडी वाजते, रक्त उतरतं, तेव्हा त्या सगळ्यांत समान काय आहे? उकाडा नव्हे. उकाडा मलाही होतोय. समान आहे ते पाणी. आणि पाणी बघणारा माणूस तुला पाण्याबद्दल सांगायला आला होता, आणि तू त्याला टोमणा मारून परत पाठवलंस. हे मी ताई म्हणून लिहीत नाहीये. उद्या ड्यूटीवर गेलीस की कोणालाही सुई टोचायच्या आधी त्यांच्याकडे जा आणि विचार.

आता ते दुसरं. माझ्या थिएटरमध्ये कोण कोणाबद्दल काय म्हणतं ते मला सगळं कळतं, आणि माझा एकही हेर नाही. मी फक्त एकेकीला वेगळं भेटते, हसते, मुलांची चौकशी करते. प्रत्येक जण थोडं थोडं सांगते. प्रत्येकीला वाटतं आपण विशेष काही बोललोच नाही, आणि बाहेर गेल्यावर प्रत्येक जण दुसरीकडे बोट दाखवते. तुझे साहेब काही वेगळं करत नसावेत. तो हॉटेलचा विनोद त्यांना कोणी सांगितला असेल, याचा तू नीट विचार कर. आमच्या मोठ्या सिस्टर किती मजेशीर आहेत, असं कौतुकाने कोणी सांगितलं असेल.

ते राहू दे. आधी पाणी.

ताई

---

१४ जुलै

प्रिय ताई,

त्या दिवशी तुझा फोन मी मुद्दाम उचलला नव्हता. विनोदाचं तू म्हणतेस ते खरं आहे. त्यावर आत्ता लिहवत नाही. झालं ते क्रमाने सांगते.

तुझं पत्र मला मंगळवारी दुपारची ड्यूटी आटोपून घरी आल्यावर मिळालं. बुधवारी लवकर गेले, तरी सकाळच्या पाळीचे पेशंट जोडून झाले होते. मशीन सुरू होती. मी पर्स टेबलावर टाकून सरळ टाक्यांच्या खोलीत गेले. टाकीदादा स्टुलावर बसले होते. मला बघून उठले आणि दाराकडे बघायला लागले, माझ्या मागे आणखी कोणी आहे का ते. मी म्हटलं, पाण्याचं काय सांगायचं होतं? तर म्हणाले, काही नाही सिस्टर, सगळं व्यवस्थित आहे. मी म्हटलं, दादा, काकांचं रक्त उतरलंय. मग ते खालीच बसले.

बाबांना समजेल असं सांगते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पिणाऱ्याला ते बाधत नाही, पण मशीनमधून रक्ताच्या जवळ गेलं तर रक्तातल्या पेशी फोडून टाकतं. ते अडवायला टाकीत कोळसा भरलेला असतो. तो कोळसा संपत आला होता. रोज पाण्याच्या नमुन्यात थेंब टाकून बघायचे असतात. रंग आला तर ते पाणी वापरायचं नाही, साधा नियम. रंग यायला लागून आठवडा उलटून गेला होता. आधी अगदी पुसट, मग जरा जास्त.

टाकीदादा साहेबांकडे जात होते ते यासाठी. मी त्यांना आत बघितलं ते कोळसा मागतानाच. साहेब म्हणाले, समस्या आणू नका, उपाय आणा. कोळसा पुढच्या तिमाहीत बसवू. पुसट रंगाने काय होतं? डॉक्टरांना मी सांगतो, तुम्ही उगाच घबराट पसरवू नका. टाकीदादांना वाटलं, डॉक्टरबाईंना कळलंय आणि तरी त्या चालवतायत, म्हणजे चालत असेल. आणि विभाग बंद ठेवायचा हुकूम इनचार्जने द्यायचा असतो, आणि इनचार्ज तर स्टोअरमध्ये बसलेल्या.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत आधी? ताई, त्यांनी काय उत्तर दिलं ऐक. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही साहेबांचं माणूस ना."

त्या केबिनमधलं माझं हसणं कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू आलं होतं. नंतर मोठ्या सिस्टर गेल्या. मग मी स्वतःहून त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की मी नोकरी सोडणार, तेव्हा त्यांना वाटलं साहेबांनीच मला त्यांचं तोंड उघडायला पाठवलंय. तरीही ते साहेबांना म्हणाले होते की सिस्टर चालल्यात, त्यांना थांबवा, त्या गेल्या तर विभागात जुनं कोणी उरणार नाही. यालाच मी पुरावा म्हणत होते.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात विभागातली नवी सिस्टर धावत आली. काकांच्या छातीत दुखत होतं. मी जाऊन बघते तर त्यांच्या नळीतल्या रक्ताचा रंग बदललेला, काळपट, काचेतून बघावं तसा आरपार. मी नळ्या चिमटून बंद केल्या. ते रक्त परत द्यायचं नसतं. नवी सिस्टर म्हणाली, सगळं रक्त वाया जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. मग सगळी मशीन बंद करायला सांगितली. हुकूम कोणाचा, असं तिने विचारलं. मी म्हटलं, माझा. टाकीदादा पळत जाऊन मुख्य पाणी तोडून आले आणि माझ्याबरोबर एकेका खुर्चीशी उभे राहिले. डॉक्टरबाई वरून आल्या. पाण्याचं त्यांना कोणी एका शब्दाने सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं आणि त्या कामाला लागल्या.

बाकीचे पेशंट संध्याकाळपर्यंत सावरले. काका अजून आयसीयूत आहेत. बाहेर काकू बसतात. मला बघितलं की हात धरतात आणि म्हणतात, तुम्ही होतात म्हणून. मला तो हात सोडवून घेता येत नाही.

ठमी

---

१८ जुलै

प्रिय ठमे,

बाबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि या वेळी जेवणाबद्दल काही बोलले नाहीत. काकांचं कळव.

आता नीट लक्ष दे. तुमचे साहेब तुझ्यावर ओरडणार नाहीत. ते तुझं कौतुक करतील. सगळ्यांसमोर करतील, आणि त्या कौतुकात कोणाचं तरी नाव दोषी म्हणून हळूच येईल. मी इतकी वर्षं खुर्च्यांच्या जवळ काढली आहेत, मला वास येतो. काय बोलायचं ते आधी ठरवून जा. आणि डॉक्टरबाईंशी आधी बोल. सरळ विचार, की तुम्ही बोलणार का. नाही म्हणाल्या तरी निदान कळेल.

माझंही एक सांगते. परवा मी थिएटरमधल्या सगळ्यांना एकत्र बसवलं आणि विचारलं, माझ्यामुळे तुमचं काम कुठे अडतं? शेवटी सर्वांत धाकटी म्हणाली, "सगळं छान आहे, मॅडम." बाकीच्यांनी माना डोलावल्या. उद्या तिथे काही चुकत असेल तर तेही मला असंच छान म्हणून ऐकवलं जाईल. हे कसं उलटवायचं मला अजून कळलेलं नाही. एकेकीला वेगळं बोलावणं मात्र मी थांबवलंय.

ताई

---

९ ऑगस्ट

प्रिय ताई,

काका घरी गेले. जिने चढताना दम लागतो, पण गेले. आता आमच्याकडे येत नाहीत. काकूंनी त्यांना दुसऱ्या केंद्रात नेलं. मी त्यांना दोष देत नाही.

तुझा अंदाज खरा ठरला. शुक्रवारच्या बैठकीत साहेबांनी मला पुढे बोलावलं. पुष्पगुच्छ. आपल्या टीमची सतर्कता वगैरे बोलले. मग तोच हसरा चेहरा ठेवून म्हणाले की पाण्याच्या बाबतीत टेक्निशियनकडून हलगर्जी झालीये, चौकशी होईपर्यंत त्यांना सुट्टीवर पाठवत आहोत, आणि सिस्टर आजपासून विभागाच्या इनचार्ज. टाळ्या. मग म्हणाले, सिस्टर, दोन शब्द.

मी डॉक्टरबाईंशी आधी बोलले होते. त्या हो म्हणाल्या नव्हत्या, नाहीही म्हणाल्या नव्हत्या. बघू, एवढंच. तेव्हा मी एकटीच आहे असं धरून उभी राहिले. गुच्छ टेबलावर ठेवला.

मी म्हटलं, "साहेब, कोळसा संपलाय हे दादांनी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. त्यांनी मला सांगायला हवं होतं, मी ऐकायला हवं होतं. पण इथे बोललेल्याचं काय होतं ते आम्ही स्टोअरमध्ये बघतोय, म्हणून आम्ही एकमेकांनाही सांगेनासे झालो."

साहेब हसतच होते. म्हणाले, बघा, हाच मोकळेपणा मला हवा होता. मला वाटलं, संपलं, हे वाक्यही आता गुळगुळीत होऊन विरून जाणार. तेवढ्यात मागून डॉक्टरबाई बोलल्या. बसूनच, अगदी साध्या आवाजात. "मला पाण्याबद्दल सांगितलं गेलं नव्हतं. तुम्ही सांगतो म्हणाला होतात. हे मी विश्वस्तांना कळवलंय, आणि तपासणीसाठी बाहेरचे लोक मंगळवारी येत आहेत." साहेबांचं हसू गेलं नाही, पण डोळ्यांपुरतं तरी पुसलं गेलं. ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाहेरचे लोक आले. आम्हाला एकेकाला नाही, सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं. कोळसा बदलला. टाकीदादांना लेखी समज मिळाली आणि ते कामावर परत आले. ही समज त्यांना पटली आहे, असं तेच मला म्हणाले. साहेब विश्वस्तांच्या कचेरीत गेलेत, कुठल्याशा सल्लागार पदावर. खाली घसरले की वर चढले, कोणालाच नक्की सांगता येत नाही. मोठ्या सिस्टरांना परत येण्याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, हातमोजे कोणाला काही सांगत नाहीत, मी इथेच बरी. मी त्यांना भेटायला गेले होते. विनोदाचं सगळं सांगितलं. त्यांनी उरलेले खोके मोजले आणि मग म्हणाल्या, "चहा घेणार?" मी घेतला. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

म्हणजे इनचार्ज मीच. आणि ताई, आता मी पँट्रीत गेले की भाजीचे भाव सुरू होतात. काहींना वाटतं मी साहेबांना घालवलं, काहींना वाटतं हे सगळं खुर्चीसाठी केलं. मी समजावायला जात नाही. रोज सकाळी पेशंट बसायच्या आधी पाण्याची तपासणी आता विभागाच्या मध्यभागी, सगळ्यांच्या देखत करायची, एवढा एकच नियम मी घातलाय. रंग आला की नाही, ते जो जवळ उभा असेल त्याने मोठ्याने सांगायचं.

काल जवळ मीच होते. टाकीदादांनी थेंब टाकले. आम्ही दोघं बाटलीवर वाकून बघत होतो. पाणी स्वच्छ राहिलं. सगळे पांगल्यावर मी त्यांना हळूच विचारलं, "दादा, माझ्यावरचा संशय गेला का?"

ते बाटली धुवत होते. म्हणाले, "थोडा आहे अजून, सिस्टर. तुमचा?"

मी म्हटलं, थोडा आहे.

त्यांनी मान डोलावली, बाटली उलटी ठेवली, आणि दुसऱ्या टाकीचा नमुना घेऊन आले. तो माझ्या हातात देऊन म्हणाले, "मग हा तुम्ही करा. मी बघतो."

ठमी